तिठ्यावर अडलेली गाडी

"ओ मेस्त्री! आहात का घरात? हिचा जीव गेला हो एकदम!"

मी पडवीत तांदूळ निवडत बसलो होतो. मान वर केली तर चढाच्या टोकाला एक माणूस मोटरसायकल ढकलत येताना दिसला. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, तो घामाने पाठीला चिकटलेला, आणि डोक्यावर हेल्मेट तसंच. माघातला रविवार होता. साडेदहा वाजले असतील. सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, वारा सुटला होता आणि वाळलेलं गवत रस्त्यावर सरपटत होतं. मी सूप बाजूला ठेवून धावत गेलो आणि मागून हात लावला.

"काय झालं?" मी विचारलं. आवाज इतका घोगरा निघाला की मलाच दचकायला झालं. शुक्रवारी दुपारनंतर मी पहिल्यांदा तोंड उघडत होतो.

"चालता चालता गेली बघा. त्या वळणावर हँडल वळवलं आणि फट्. इंजिन बंद, लाइट बंद, हॉर्नसुद्धा नाही. आता चावी फिरवली काय आणि नाही फिरवली काय, सारखंच. पेट्रोल म्हणाल तर सकाळीच भरलंय."

ही गोष्ट अठरा-एकोणीस वर्षांपूर्वीची. तेव्हा माझं गॅरेज लांज्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, सड्यावरच्या तिठ्यावर होतं. पुढे गॅरेज, मागे दोन खोल्यांचं घर. तीन रस्ते एकत्र यायचे म्हणून वडिलांनी ती जागा धरली होती. पुढे खालच्या अंगाने नवा रस्ता झाला आणि सगळी वाहतूक तिकडून जायला लागली. एस.टी. दिवसातून दोनदा वर यायची, पण उतरणारं कोणी नसायचं, मग ती न थांबताच जायची. आई होती तोवर घरात आवाज होता. ती आश्विनात गेली. मी चौतिशीचा, लग्न राहून गेलेला. आठवड्याला दोन गिऱ्हाइकं आली तर आली. कधी कधी दोन-दोन दिवस माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही.

मी गाडी स्टँडवर घेतली. चावी फिरवून बघितली, काहीच नाही. सीट काढून बॅटरीला टेस्टलॅम्प लावला तर तो लख्ख पेटला. म्हणजे बॅटरी ठणठणीत होती. फ्यूजची डबी उघडली. काचेची नळी आतून काळीभोर झालेली.

"फ्यूज उडालाय," मी म्हटलं.

"मग सोपं आहे की!" त्यांनी हेल्मेट काढून रुमालाने कपाळ पुसलं. साठीला टेकलेला माणूस, केस ताजे कापलेले, कानाच्या वर वस्तऱ्याचा एक बारीक ओरखडा. "नवा घाला. मला बारापर्यंत निवेलीला पोचायचंय."

मी नवा फ्यूज घातला. चावी फिरवली, इंडिकेटर लागला, हॉर्न वाजला. ते टाळी वाजवून हसले. पण फ्यूज उगाच उडत नाही. मी हँडल उजवीकडे वळवलं, काही झालं नाही. डावीकडे पूर्ण वळवलं आणि फट्. सगळं पुन्हा मेलं.

टाकीच्या पुढे, जिथून वायरी हँडलकडे वळतात, तिथे मी बोटाने चाचपलं. जुनी टेप फाटली होती आणि आतल्या तीन वायरी लोखंडाला घासून उघड्या पडल्या होत्या. हँडल डावीकडे गेलं की तांबं चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, टेकत होतं. एवढंच होतं सगळं. टेप गुंडाळायची, वायरी जरा सैल करून बांधायच्या, नवा फ्यूज घालायचा. वीस मिनिटांचं काम.

"सापडलं का?" त्यांनी विचारलं. ते पडवीतल्या बाकावर येऊन बसले होते आणि तांदळाचं सूप मांडीवर घेऊन खडे वेचायला लागले होते. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. "आंबेमोहोर ना हा? आमच्या हिला फार आवडायचा. चार वर्षं झाली तिला जाऊन. तुमच्या घरात कोण कोण?"

मी वायरीवरचं बोट काढून घेतलं.

"कुठेतरी शॉर्ट आहे," मी म्हटलं. "शोधायला लागेल."

"बारापर्यंत होईल ना?"

"बघतो."

त्या वेळी मी ठरवून काही केलं असं आजही मला म्हणवत नाही. पण मी टाकीचे बोल्ट काढले. टाकी काढायची गरज नव्हती. मग बाजूची झाकणं काढली, हेडलाइट उतरवला, आणि सगळं एका पोत्यावर ओळीने मांडलं. एवढं उघडलेलं बघितलं की माणसाला वाटतं, बिघाड मोठाच असणार. तो घाई करत नाही.

त्यांचं नाव दिगंबर रेडीज. लांजा स्टँडवर सव्वीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. खिडकीमागे बसून, माइक हातात धरून गाड्या पुकारायच्या. सव्वीस वर्षं बोलून पोट भरलेला माणूस, रिटायर झाल्यावर बोलायचं कोणाशी हा प्रश्न त्यांनाही पडला असणार. मुलगी कोल्हापूरला दिलेली. ही गाडी जावयाची जुनी, नवी घेतल्यावर त्याने सासऱ्याला देऊन टाकलेली.

"सव्वीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो, अमुक गाडी तमुक फलाटावर लागली आहे," ते म्हणाले. "आपण कुठे जायचं ते काही ठरलंच नाही."

मी चहा ठेवला. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला आणि आणखी अर्धा मागितला. एकदा शिमग्याला पालखीच्या गर्दीत एक म्हातारी चुकीच्या गाडीत बसून मालवणला पोचली होती आणि तिला परत आणायला त्यांनी तीन डेपोंना फोन केले होते, ती गोष्ट त्यांनी सांगितली. म्हातारीचा आवाज काढून सांगितली. मी हसलो. मोठ्याने हसलो. आमच्या पडवीत आश्विनापासून कोणी हसलं नव्हतं.

मध्येच ते घड्याळात बघत. "मेस्त्री, काही अंदाज?"

"हेडलाइटच्या आत बघतोय, काका."

"बघा, बघा. घाईत काम बिघडायला नको."

बारा वाजले. बारा वाजून गेल्यावर त्यांनी विचारणं सोडलं. नुसतेच निवेलीच्या रस्त्याकडे बघत बसले. बोलणंही कमी झालं. मला ते दिसलं होतं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. मी म्हटलं, "काका, दोन घास खाऊन घ्या. कुळथाची पिठी करतो, भात टाकतो."

"नको हो. तिकडे जेवायचं आहे मला."

"उशीर झालाय. तिकडे जेवणं आटोपली असतील."

हे मी सहज बोललो. त्यांचा चेहरा उतरला. पण ते उठले, हातपाय धुतले आणि चुलीपाशी येऊन बसले. मी त्यांना वाढलं. पिठीत आमसूल टाकलं होतं, त्यांनी चाखून मान हलवली, पण दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

"निवेलीला कोणाकडे?" मी विचारलं. अडीच तासांत हे मी विचारलं नव्हतं.

ते थोडा वेळ भात कालवत राहिले.

"हसाल तुम्ही," ते म्हणाले.

"नाही हसत."

"प्रमिलाबाई शिवगण. नर्स होत्या. निवेलीच्या उपकेंद्रात होत्या, राहायला तेव्हा लांज्यात. रोज सकाळी सातची गाडी. एकोणीस वर्षं रोज खिडकीशी येऊन विचारायच्या, निवेली लागली का हो? मी म्हणायचो, लागली, बसा. बाकी काही बोलणं नाही. लग्न केलं नाही त्यांनी, भावाची मुलं वाढवली. रिटायर झाल्यावर तिकडेच घर बांधलं. आमची ही गेली तेव्हा भेटायला आल्या होत्या. मग मीही एक-दोनदा गेलो. दिवाळीत मी विचारलं त्यांना. म्हटलं, उरलेली वर्षं दोघांनी मिळून काढली तर?"

"काय म्हणाल्या?"

"मुलीला विचारा म्हणाल्या. मुलगी रागावली, दोन महिने बोलत नव्हती. शेवटी परवा तिचा फोन आला, बाबा, तुम्हाला हवं ते करा. मी लगेच निरोप धाडला. त्यांचा उलटा निरोप आला की रविवारी बारापर्यंत या, माझा भाचा जेवायला येतोय, त्याच्यासमोर बोलू. भाचा पनवेलला असतो. त्याला लहान मूल आहे, तो यांना तिकडे न्यायला बघतोय. आज त्याला उत्तर द्यायचं आहे. दीडच्या गाडीने तो परत जाणार." त्यांनी घड्याळात बघितलं नाही. "निरोपात एवढंही होतं की, तुम्ही आला नाहीत तर मी समजेन तुमचं मन बदललं. परत विचारणार नाही."

आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता. सड्यावर मोबाइल लागायचे नाहीत, आणि लागले असते तरी आम्हा दोघांकडेही ते नव्हते.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मी ताटावरून तसाच उठलो. हात धुतले की नाही आठवत नाही. पोत्यापाशी बसलो, टेपचा रोल काढला, तिन्ही वायरी वेगवेगळ्या गुंडाळल्या, बंद सैल केला. हेडलाइट, टाकी, झाकणं. घाईत टाकीचा बोल्ट दोनदा खाली पडला. तो शोधण्यात आणखी पाच मिनिटं गेली. नवा फ्यूज घातला. हँडल डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं. दिवा तसाच जळत राहिला.

मागे वळलो तर रेडीज उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"लवकर सापडलं," ते म्हणाले.

मी वाकून हत्यारं गोळा करायला लागलो.

"आधीच सापडलं होतं का, मेस्त्री?"

खोटं बोलता आलं असतं. त्यांना गाडीतलं काही कळत नव्हतं.

"होय."

"कधी?"

"तुम्ही तांदूळ निवडत होता तेव्हा."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मारलं असतं तरी चाललं असतं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग घराकडे बघितलं, पडवीकडे, आतल्या अंधाऱ्या खोलीकडे, चुलीपाशी अर्धवट राहिलेल्या दोन ताटांकडे. हेल्मेट घातलं. त्याचा पट्टा लावायला त्यांना जरा वेळ लागला. गाडी एका किकमध्ये सुरू झाली आणि ते निवेलीच्या रस्त्याने गेले. पावणेदोन वाजले होते. इथून निवेली पाऊण तासावर.

मी तिन्हीसांजेपर्यंत पडवीत बसून होतो. परत जाताना ते याच रस्त्याने जाणार होते. साडेचारच्या सुमाराला गाडीचा आवाज आला. मी उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. त्यांनी वेग कमी केला नाही आणि वाढवलाही नाही. सरळ समोर बघत निघून गेले. तिकडे काय झालं ते मला त्यांच्या पाठीकडे बघून कळलं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. निवेलीला जायचं असं मी रोज सकाळी ठरवायचो आणि दुपारी म्हणायचो, परक्या बाईच्या दारात जाऊन सांगायचं काय? बुधवारी गॅरेजला कुलूप लावलं आणि निघालो.

घर शोधावं लागलं नाही. पहिल्याच माणसाने सांगितलं, नर्सबाईंचं ना, ते काय, निळ्या खिडक्यांचं. दारात दोन ट्रंका होत्या. आतून एक उंच, सडसडीत बाई बाहेर आली. केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"कोण पाहिजे?"

"बाई, मी तिठ्यावरचा मेस्त्री. रेडीजकाकांची गाडी माझ्याकडे होती, रविवारी."

ती दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "आत या."

मी उंबऱ्यातच बसलो. तिने फडताळातून एक घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. बसच्या तिकिटासारखं बारीक, नीटस अक्षर होतं. 'वाटेत गाडी बंद पडली. उशीर झाला. माफ करा. दि. रेडीज.' बस, एवढंच.

"मी भाच्याला गाडीवर बसवायला नाक्यावर गेले होते, दीडची गाडी दोन तास उशिरा आली. आले तेव्हा हे दारात खोचलेलं होतं," ती म्हणाली. "एकोणीस वर्षं मी एस.टी.ने प्रवास केलाय, मेस्त्री. गाडी बंद पडली, हे मी हजारदा ऐकलंय. ज्याला यायचं नसतं तोही हेच सांगतो. मला वाटलं, माणूस वाटेतून घाबरून परत फिरला असेल, मग लाज वाटून चिठ्ठी टाकून गेला असेल."

"नाही बाई. गाडी खरंच बंद पडली होती."

"काय झालं होतं?"

मी सांगितलं. फ्यूज, वायरी, हँडल. ती नर्स होती, तिने पेशंटला विचारावं तसं एकेक विचारलं. कुठे घासली? मग कधी कळलं? दुरुस्तीला किती वेळ लागला?

"वीस मिनिटं."

"मग साडेदहाला आलेला माणूस पावणेदोनपर्यंत काय करत होता?"

"मी सांगितलं नाही त्यांना. सापडलं होतं, पण सांगितलं नाही."

"का?"

वाटेत मी बरीच उत्तरं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही दिलं नाही.

"ते बोलत होते," मी म्हटलं. "आमच्याकडे कोणी येत नाही. ते गेले असते."

बाहेर कोणाची तरी गाय हंबरत होती. मग ती उठली, आत गेली. मला वाटलं, आता दार लावून घेईल. ती पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन आली.

"घ्या," ती म्हणाली. "उन्हातून आलात."

मी पाणी प्यायलो. "बाई, अजून वेळ आहे. मी आत्ता जाऊन त्यांना घेऊन येतो."

"भाच्याला मी हो म्हटलंय. त्याच्या बायकोने सोमवारी ऑफिसात कळवलं असेल, कामावर परत येते म्हणून. लहान पोर आहे. आता फिरवायचा शब्द नाही तो." तिने चष्मा लावला, चिठ्ठी पुन्हा वाचली, आणि फडताळात न ठेवता ट्रंकेत ठेवली. "तुम्ही सोमवारी आला असतात तर पोस्टातून फोन करून थांबवलं असतं मी."

मी मान खाली घातली.

"त्यांना सांगा, चिठ्ठी मला खोटी वाटली होती. आता वाटत नाही. रविवारी मी निघतेय."

"आणखी काही सांगू?"

"आणखी काही नाही."

तिथून मी घरी न जाता तसाच लांज्याला गेलो. रेडीजांचं घर स्टँडच्या मागच्या आळीत होतं. ते ओट्यावर पेपर वाचत बसले होते. मला बघून उठले नाहीत, पण पेपर खाली ठेवला. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिने विचारलेलं, मी दिलेलं उत्तर, ट्रंका, शब्द दिलाय ते, आणि शेवटचा निरोप जसाच्या तसा. त्यांनी तो दुसऱ्यांदा सांगायला लावला.

"आता वाटत नाही, असं म्हणाल्या?"

"होय."

"बरं झालं." ते स्टँडच्या दिशेने बघत होते. तिकडे माइकवर कोणीतरी तरुण आवाजात गाड्या पुकारत होता. "रविवार म्हणजे सकाळची पनवेल. निवेलीहून सुटली की साडेआठला इथे लागते. दहा मिनिटं थांबते."

मला वाटलं ते पुढे काही बोलतील. ते स्वतःशीच म्हणाले, "दहा मिनिटं."

मी जायला वळलो. पायरी उतरलो असेन.

"कुठे निघालात? एक वाजला. जेवून जा."

"नको काका."

"भात जास्त झालाय माझा. एकट्याचा अंदाज येत नाही अजून."

आत एकच पाट मांडलेला होता. त्यांनी दुसरा भिंतीवरून काढून पुसला. माझ्यासमोर ताट ठेवलं, वरण वाढलं, लोणच्याची बरणी पुढे सरकवली. आम्ही जेवायला लागलो. एवढा बोलका माणूस, आणि घरात फक्त वाट्यांचा आवाज येत होता. मी नुसता खात राहिलो, कारण ताटात टाकून उठणं बरं दिसलं नसतं.

ताक वाढताना त्यांचा हात थांबला.

"मेस्त्री, तुमचं नाव काय हो? त्या दिवशी मी एकटाच बडबडत राहिलो. विचारलंच नाही तुम्हाला."

"श्रीधर," मी म्हटलं. "श्रीधर घवाळी."

"घवाळी? कुठले घवाळी?"

माझ्या वडिलांचं मूळ गाव, ते तिठ्यावर कसे आले, हे आजवर मला कोणी विचारलं नव्हतं. मी हातातला घास ताटात ठेवला आणि सांगायला लागलो.